शॉवरच्या जाळीवर साचलेला क्षार: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

शॉवरची धार बारीक झाली की आपण आधी प्लंबरला फोन लावतो आणि मग नवा शॉवर आणतो. सोलापुरात तो नवा शॉवरही थोड्या दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो, कारण खोट शॉवरमध्ये नसते, पाण्यातल्या क्षारात असते. काढून भंगारात टाकलेले बहुतेक शॉवर धडधाकट असतात. किराणा दुकानातला एखादा आंबट पदार्थ आणि तासाभराची सवड एवढ्यात ते पुन्हा चालू होतात. चांगली वस्तू अशी फेकली जाऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून लोक पुन्हा पुन्हा विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत.

हा पांढरा थर नेमका कशाचा असतो?

मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच. त्यात थोडं मॅग्नेशियम असतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर थराला तांबूस छटा येते.

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि दगडमातीतलं कॅल्शियम विरघळवत खाली जातं. पाण्यात असेपर्यंत हे कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात असतं, त्यामुळे दिसत नाही. पाणी तापलं किंवा वाळलं की कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन बसतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं नेमकं उलट आहे: पाणी जितकं गरम तितकं हे कमी विरघळतं. म्हणून गिझरच्या कॉइलवर जाड थर धरतो आणि अंगणातल्या गार पाण्याच्या नळावर त्यामानाने कमी.

शॉवर बंद केल्यावर प्रत्येक भोकाच्या तोंडाशी एक थेंब अडकून राहतो. तो तिथंच वाळतो आणि बारीकशी पांढरी कड मागे ठेवतो. दुसऱ्या दिवशी तिच्यावर आणखी एक. अशा कडा चढत जाऊन भोक बुजतं.

सोलापुरात हा त्रास इतका का?

आपल्या बऱ्याच घरांत एकाच टाकीत दोन तऱ्हेचं पाणी पडतं. महापालिकेचं पाणी मुख्यतः उजनीचं. त्यातलं काही थेट जलवाहिनीतून येतं, काही भीमेत सोडून औज बंधाऱ्यात अडवतात आणि टाकळीहून उचलतात. थोडं हिप्परगा तलावाचंही असतं. पण नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि मधल्या दिवसांची भर बोअर नाहीतर टँकर घालतो.

खरा जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं जास्त प्रमाण, बोअरच्या पाण्यात आहे. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर राहतो. वर काळी माती, तिच्यात जागोजाग चुनखडीचे खडे. शेती केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पाषाणाच्या भेगांतून पाणी सावकाश झिरपत जातं आणि जितका वेळ दगडाच्या सहवासात राहतं तितकं जड होतं. जुळे सोलापूर असो की विडी घरकुल, ज्या घराची भिस्त बोअरवर, तिथला शॉवर आधी बुजतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की जाळीवरचे थेंब बघता बघता वाळतात, त्यामुळे थरही झपाट्याने वाढतो.

आपलं पाणी जड आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

स्वच्छ बाटलीत पाऊण भाग पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा छोटा किस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला तर पाणी हलकं. फेस न येता वर पांढरट साय धरली तर जड. कपड्यांची पावडर किंवा शाम्पू या परीक्षेला चालत नाही, जड पाण्यातही त्यांचा फेस येतो.

दुसरी खूण दोरीवर वाळत असते. चाटी गल्लीतून आणलेला नवा मऊ टॉवेल थोड्याच धुण्यांत पापडासारखा कडक झाला, तर दोष विणकराला देऊ नका. साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो टॉवेलच्या धाग्यांत अडकून बसतो.

टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका. तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे सांगत नाही. आकडा हवाच असेल तर प्रयोगशाळेतून एकूण कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा स्वीकारार्ह मानला आहे आणि दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. समजा तुमचं पाणी ४०० चं निघालं. मग १०० लिटर पाण्यातून ४० ग्रॅम क्षार शॉवरमधून जातो. त्यातला बहुतेक मोरीत वाहून जातो, आपली झुंज मागे राहणाऱ्या चिमूटभराशी असते.

लिंबू, व्हिनेगर की लिंबूसत्व? काय वापरू?

तिन्ही चालतात, कारण काम आम्ल करतं. चुनखडीला आम्ल लागलं की ती विरघळते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. बुडबुडे दिसताहेत तोवर काम चालू आहे असं समजा.

आमची पहिली पसंती लिंबूसत्वाला, म्हणजे सायट्रिक ॲसिडला. किराणा दुकानात पुडीत मिळतं, स्वस्त असतं, वास येत नाही आणि कपाटात वर्षभर राहतं. एक लिटर कोमट पाण्यात तीन-चार सपाट मोठे चमचे पुरेत. पाणी उकळतं घेऊ नका. फार गरम आणि फार तीव्र द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा नवाच पांढरा गाळ बसू शकतो, तेव्हा एक घालवायला गेलो आणि दुसरं आलं अशी गत होते.

दुकानातलं पांढरं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं असतं. अर्ध्या लिटरमध्ये २० ग्रॅम ॲसेटिक आम्ल धरा. ते हिशेबाने १६ ते १७ ग्रॅम क्षार विरघळवू शकतं, प्रत्यक्षात त्याहून कमी. हा हिशेब सांगण्याचं कारण एवढंच की थर जाड असेल तर एका भांड्यात भागत नाही. बुडबुडे थांबले आणि थर तसाच दिसतोय, याचा अर्थ उपाय फसला असा नाही, आम्ल संपलं. ते ओतून द्या आणि ताजं घ्या.

ताजं लिंबू नळाच्या तोंडावर चोळायला उत्तम. पूर्ण शॉवर बुडेल एवढा रस काढायचा तर लिंबं फार लागतील, आणि उन्हाळ्यात लिंबाचा भाव काय असतो ते आपल्याला ठाऊकच आहे.

शॉवर न काढता साफ करता येतो का?

येतो, आणि घरात पान्हा नसेल किंवा पाइप जुना असेल तर हाच मार्ग बरा.

दुधाची एक लिटरची रिकामी पिशवी धुऊन घ्या. ही पिशवी साध्या कॅरीबॅगपेक्षा जाड असते, कोपऱ्यातून गळत नाही. वरची कड सरळ कापा आणि तीत अर्ध्यापर्यंत द्रावण भरा. शॉवर आत बुडेल अशी पिशवी वर चढवा आणि मानेशी दोन रबर बँड किंवा सुतळीने घट्ट बांधा. भरलेली पिशवी जड असते, म्हणून बांधताना दुसऱ्या माणसाला खालून धरायला सांगा. खाली बादली ठेवा. मोठ्या ताटलीएवढा शॉवर असेल तर पाच किलोच्या आट्याची पिशवी लागेल, आणि तेवढं वजन नाजूक दांडीला पेलायचं नाही. असा शॉवर काढलेलाच बरा.

अर्ध्या तासाने पिशवी सोडून बघा. थर मऊ झाला असेल तर दातांच्या जुन्या ब्रशने गोल गोल घासा. नसेल तर आणखी अर्धा तास. मग गरम पाणी पूर्ण जोराने दोन मिनिटं सोडा. सुरुवातीला पांढरे कण पडतील, ते पडू द्या, त्या वेळी खाली उभं राहू नका.

काढून साफ करायचा असेल तर?

इथं घाई केली की नुकसान होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

शॉवरच्या मानेवरच्या नटाभोवती जाड फडकं गुंडाळा, नाहीतर पान्ह्याचे दात क्रोमवर कायमचे उमटतात. एका हाताने भिंतीतून आलेली दांडी घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने खालून बघताना घड्याळाच्या उलट्या दिशेला नट फिरवा. दांडी धरणं फार महत्त्वाचं आहे. शॉवरबरोबर दांडीही फिरली तर भिंतीतल्या एल्बोचे, म्हणजे पाइपच्या वळणावरच्या जोडाचे, आटे ढिले होतात, पाणी आतल्या आत झिरपायला लागतं आणि ते पलीकडच्या खोलीत ओल दिसेपर्यंत कळत नाही. मग टाइल्स फोडण्याशिवाय गत्यंतर नसतं. नट अजिबात हलत नसेल तर जोर लावू नका. द्रावणात भिजवलेलं फडकं नटावर अर्धा तास गुंडाळून ठेवा, आट्यांतला क्षार सुटतो आणि नट सहसा वळतो.

शॉवर हातात आला की मानेच्या आत बघा. तिथं एक रबरी वायसर आणि बहुतेक वेळा बारीक जाळी असते. धार बारीक होण्याचं निम्मं कारण या जाळीत सापडतं: टाकीतला गाळ, पाइपचे तुकडे, क्षाराच्या खपल्या. ती चिमट्याने बाहेर काढून नळाखाली उलटी धरा. नंतर शॉवर बादलीत बुडवा. रबरी वायसर द्रावणात टाकू नका, नुसता धुऊन ठेवा. तो चपटा किंवा कडक झाला असेल तर त्याच वेळी बदला.

परत बसवताना दांडीच्या आट्यांवरची जुनी टेप नखाने पूर्ण काढा. नवी टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने पाच-सहा वेढे द्या. उलटी गुंडाळलेली टेप नट फिरवताना सुटून गोळा होते. आधी हाताने घट्ट बसवा, मग पान्ह्याने पाव फेरा, तोही फडकं गुंडाळून. शॉवर प्लास्टिकचा असेल तर पान्हा लावूच नका.

व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकला तर जास्त जोर येतो ना?

नाही. सोडा अल्कली आहे, तो व्हिनेगरचं आम्लच मारून टाकतो. फेस भरपूर येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं, पण मागे उरतं ते जवळजवळ निष्प्रभ पाणी. सोडा ओल्या फडक्यावर घेऊन साबणाचे डाग पुसायला वापरा, तिथं तो खरंच उपयोगी आहे.

चिंच, कोकम, कोल्ड्रिंक?

चिंचेने पितळेची तोटी लखलखते, ते आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण चिंचेचा कोळ शॉवरच्या भोकांत अडकेल. कोकमाचा डाग पडतो. कोल्ड्रिंकमध्ये आम्ल असतं हे खरं, पण बरोबर साखरही असते, आणि साखर म्हणजे मुंग्या.

टॉयलेट साफ करायचं ॲसिड लावलं तर दोन मिनिटांत निघतं असं प्लंबर म्हणाला.

निघतं खरं, पण क्रोमही घेऊन निघतं. ते बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. क्रोमचा मुलामा कागदाहून पातळ असतो. तो एकदा खाल्ला गेला की आतलं पितळ उघडं पडतं, हिरवट डाग येतात आणि पुढचा थर त्या खरखरीत पृष्ठभागावर आणखी घट्ट धरतो. बंद बाथरूममध्ये त्याची वाफ नाका-डोळ्यांना आणि छातीला बाधते, दमेकऱ्यांना तर फारच.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर आणि लिंबूसत्व यांनाही हाच नियम लागू आहे. टाकी ब्लिचिंगने धुतली त्या दिवशी शॉवरला हात लावू नका. टाकीतलं पाणी बदलून जाऊ द्या आणि मग हे काम घ्या. ब्लिचिंगचा डबा आणि आंबट बाटल्या वेगवेगळ्या फडताळात ठेवा, आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा. हे काम बहुतेक वेळा त्यांच्याच अंगावर येतं.

आमच्या बाथरूमला शहाबादी फरशी आहे. तिला काही होईल का?

होईल. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर आपल्या भागात तो पहिला असायला हवा. शहाबादी फरशी स्वतः चुनखडकाची आहे. कडप्पा आणि कोटाही तसेच, आणि संगमरवर त्यांचाच भाऊबंद. जे आम्ल शॉवरवरची चुनखडी विरघळवतं ते फरशीची चुनखडी का सोडेल? व्हिनेगरचे थेंब पडलेल्या जागी फरशीची चकाकी जाऊन फिकट, खरखरीत ठिपके उठतात आणि ते पुसून जात नाहीत.

उपाय सोपा आहे. काम सुरू करण्याआधी फरशीवर भरपूर पाणी ओतून ती ओली करा, शॉवरच्या खाली रुंद घमेलं ठेवा, आणि काम झाल्याबरोबर पुन्हा पाणी ओता. कडप्प्याच्या ओट्यावर किंवा खिडकीच्या शहाबादी कट्ट्यावर द्रावणाची वाटी ठेवू नका. शॉवर काढून साफ करत असाल तर बादली सिरॅमिक टाइलवर ठेवा. त्या टाइलला सौम्य आम्लाने काही होत नाही.

भोकं टाचणीने मोकळी करू का?

आधी भिजवा. थर मऊ झाल्यावर खराट्याचा हीर किंवा टूथपिक पुरतो. टाचणीने किंवा सुईने प्लास्टिकचं भोक कडेला कोरलं जातं आणि त्या भोकाची धार कायमची तिरपी होते. नव्या शॉवरला रबरासारखी मऊ टोकं असतात, ती अंगठ्याने नुसती चोळली तरी क्षार तुटून पडतो. हे आंघोळ करता करता होण्यासारखं काम आहे.

काळा मॅट, सोनेरी किंवा तांब्याच्या रंगाचा शॉवर?

यांचा रंग नाजूक असतो. व्हिनेगर निम्मं पाणी घालून वापरा, दहा मिनिटांनी बघा आणि लगेच धुवा. रात्रभर भिजवू नका. तारेची घासणी तर कुठल्याच शॉवरला लावू नका.

सगळं साफ केलं तरी धार बारीकच आहे.

शॉवर काढा आणि नुसत्या दांडीतून पाणी सोडा. दांडीतून जोरात आलं तर दोष अजून शॉवरमध्येच आहे. तिथूनही बारीक आलं तर शॉवरला बोल लावू नका. मग गार आणि गरम पाणी वेगवेगळं सोडून बघा. गार जोरात आणि गरम बारीक असेल तर गिझरच्या बाहेरच्या पाइपात किंवा व्हॉल्व्हमध्ये क्षार धरलाय. दोन्ही बारीक असतील तर डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा कॉक), अँगल कॉक (भिंतीलगतचा बंद-चालू करायचा कॉक) किंवा थेट टाकीची उंची बघायला हवी.

टाकीची उंची हा आपल्याकडच्या बैठ्या घरांचा खरा प्रश्न आहे. पाण्याची पातळी शॉवरपेक्षा जितके मीटर वर, तितका दाब, मीटरला साधारण ०.१ बार (बार हे दाबाचं माप). गच्चीवर टेकवून ठेवलेल्या टाकीतून शॉवरला जेमतेम ०.१ ते ०.३ बार मिळतो. मोठ्या रेन शॉवरला त्याहून जास्त दाब लागतो, म्हणून दुकानात सुरेख दिसलेला शॉवर घरी नुसता ठिबकतो. अशा घरात लहान तोंडाचा, कमी भोकांचा साधा शॉवर घ्या, किंवा टाकी लोखंडी स्टँडवर चढवा.

गिझर आणि सोलरचं काय?

शॉवरवर जो थर दिसतो तोच गिझरच्या कॉइलवर न दिसता वाढत असतो. कॉइलवर थर आला की पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि कॉइल लवकर जळते. गिझरमधून कडकड किंवा उकळल्यासारखा आवाज येऊ लागला तर ती क्षाराची खूण समजा. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा जाणकाराकडून तो उघडून साफ करून घ्या. हे काम विजेचं आहे, घरी करू नका. तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून वर नेलं की थर झपाट्याने धरतो.

सोलर घ्यायचा असेल आणि पाणी जड असेल तर काचेच्या नळ्यांचा घ्या. तांब्याच्या बारीक पाइपांचे पॅनल जड पाण्याने लवकर बुजतात.

पुन्हा थर धरूच नये यासाठी काही?

पूर्ण थांबवायचं तर सॉफ्टनर लागतो. त्यातल्या रेझिनमध्ये, म्हणजे बारीक मण्यांमध्ये, पाण्यातलं कॅल्शियम अडकतं आणि बदल्यात सोडियम सुटतं. ठरावीक काळाने मीठ घालून तो धुवावा लागतो, आणि ते मिठाचं पाणी झाडांकडे जाणार नाही हे बघावं लागतं. बोअरवर चालणाऱ्या अपार्टमेंटने एकत्र बसवला तर परवडतो.

शॉवरला लावायचे छोटे फिल्टर मुख्यतः क्लोरीन आणि गाळ कमी करतात, जडपणा नाही. तुरटीने गाळ बसतो, कॅल्शियम जात नाही. पाइपला लावायची चुंबकं पाण्यातून कॅल्शियम बाहेर काढत नाहीत, पाणी तितकंच जड राहतं.

फुकटचा आणि खात्रीचा उपाय म्हणजे शेवटी आंघोळ करणाऱ्याने शॉवर झटकून जाळीवरून फडकं फिरवायचं. थेंबच राहिला नाही तर वाळणार काय? शक्य असेल तर नळाचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळ्या टाक्यांत ठेवा. गिझरला नळाचं द्या, बोअरचं फ्लशला आणि धुण्याधाण्याला.

किती दिवसांनी साफ करायचा?

बोअरचं पाणी असेल तर महिन्या-दीड महिन्याने, नुसतं नळाचं असेल तर तीन-चार महिन्यांनी. थर पातळ असताना अर्ध्या तासाचं काम आहे. वर्षभर साचू दिला तर दिवस मोडतो.

जड पाण्याने केस गळतात का?

केस राठ होतात, गुंततात, साबण नीट निघत नाही आणि कोरडी त्वचा जास्त खाजते. केस मुळापासून गळत असतील तर त्याचं खापर पाण्यावर फोडून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. न्हाऊन झाल्यावर शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घेतला तरी फरक जाणवतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घर महिनाभर बंद होतं. शॉवर तसाच सुरू केला तर चालेल?

आधी दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, खिडकी उघडी ठेवा आणि त्या वेळात बाथरूमच्या बाहेर थांबा. शॉवरमध्ये कोमट पाणी साचून राहिलं की क्षाराच्या खरखरीत थरावर जंतूंचा बुळबुळीत पापुद्रा धरतो. त्यात लेजिओनेला हा न्यूमोनियाचा जंतू वाढू शकतो आणि शॉवरच्या तुषारांतून श्वासात जाऊ शकतो. घरात वयस्कर माणसं किंवा फुप्फुसाचे रुग्ण असतील तर शॉवर आधी काढून साफ करा, मगच त्यांना वापरू द्या.

टॉयलेटचा जेट स्प्रे आणि बेसिनच्या नळाची जाळी यांनाही हेच चालेल का?

चालेल. बेसिनच्या नळाच्या तोंडाची जाळी हाताने फिरवून निघते. ती वाटीत अर्धा तास भिजवा. जेटला वेगळी वाटी घ्या.

वापरून झालेलं द्रावण तुळशीला किंवा कुंड्यांना घालू का?

नको. त्यात उरलेलं आम्ल मुळांना पोळतं. मोरीत ओता आणि मागून दोन तांबे पाणी सोडा. लिंबूसत्वाचं द्रावण अजून आंबट असेल तर तेच आधी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या किटलीत किंवा बादलीच्या तळाशी धरलेल्या थरावर वापरून घ्या. ॲल्युमिनियमच्या भांड्यात मात्र घालू नका.